हात नव्हे, मनगट

बाई,

उद्या सकाळची उपासना झाली की आपल्या चर्चच्या हॉलमध्ये प्रदर्शन उघडतंय. जालन्यातल्या बायकांनी पहिल्यांदा मत दिलं तिथपासून त्या नगरपालिकेत, पंचायतीत बसू लागल्या तिथपर्यंतची चित्रं आहेत. दारातून आत शिरलं की समोरच्या भिंतीवर तुम्ही आहात, सगळ्यांत मोठ्या चौकटीत. त्या चित्राखाली चार ओळी लिहून द्या, असं मला सांगण्यात आलं होतं, कारण तुमच्या हाताखाली शिकून तुमच्याच शाळेतून निवृत्त झालेली अशी आता मीच उरले आहे. चार ओळी मी दिल्या नाहीत. एक दिली. बाकीचं कुठे तरी ठेवायला हवं, म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की उत्तराची भीती नाही. तुम्ही असताना यातलं एकही वाक्य तुमच्यासमोर मला पुरं करता आलं नसतं.

चित्रं सगळी मंडळीतल्या बायकांनी केली आहेत. काही रंगवलेली, काही जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून गोधडीसारखी शिवलेली. काम चांगलं आहे, ते मी मान्य करते. फक्त सगळ्या चित्रांतल्या बायका हसतात. मत द्यायला निघालेल्या हसतात, पेटीसमोर हसतात, बोटाची शाई दाखवताना हसतात. राखीव जागेवरून सरपंच झालेली जाफराबादकडच्या एका खेड्यातली बाई खुर्चीवर बसून हसते आहे. मी परीक्षेच्या कामाला त्या गावी गेले होते तेव्हा त्या खुर्चीत तिचा नवरा होता आणि ती आत चहा करत होती. नवरा चित्रात नाही. मी विचारलं तर पाळकांची बायको म्हणाली, "टीचर, चौकटीत मावला नाही." बरी आहे ती. चित्रकलेची एटीडी झालेली, हाताला वळण आहे, आणि माझ्याकडे बघून न घाबरता बोलते. मंडळीत ते फार जणांना जमत नाही.

तुमचं चित्र तिनंच रंगवलंय. पांढरं पातळ, गोल चष्मा, काखेत छत्री. तुमच्या हातात एका लुगडं नेसलेल्या बाईचा हात आहे. ती बाई मान खाली घालून तुमच्या मागून येते आहे. बोटांत बोटं गुंफलेली. पुढे शाळेचं दार आणि दारातून येणारा उजेड. चर्चच्या कपाटात जुन्या फोटोची एक बारकी, पिवळी पडलेली प्रत होती, तिच्यावरून तिनं हे काढलं. काल मला उभं करून म्हणाली, "हाताला हात, टीचर. बघा ना, सगळं त्यात आलं."

मी म्हटलं, "हात नव्हे, मनगट."

तिला कळलं नाही. लुगड्यातली बाई कोण हेही तिला माहीत नव्हतं. तुम्हालाही कदाचित आठवावं लागेल. ती माझी आई. मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगची स्वयंपाकीण.

आधी तुमचं तुम्हाला देऊन टाकते, म्हणजे पुढे बोलायला मोकळी. निजामाचं राज्य जाऊन थोडेच दिवस झाले होते. पहिल्या निवडणुकीच्या याद्या करायला माणसं घरोघर आली, तेव्हा आपल्याकडच्या बायका आपलं नाव सांगेनात. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच सांगायच्या. नवऱ्याचं नाव तर तोंडातून काढायचंच नाही. अशी बिननावाची कितीतरी नावं यादीत लागलीच नाहीत. ते तुम्हाला सहन झालं नाही. छत्री काखेत मारून तुम्ही जुन्या जालन्याच्या गल्ल्यांतून, वस्त्यांतून, बोर्डिंगच्या मागच्या चाळींतून फिरलात आणि बायकांना नावानिशी यादीत घालायला लावलंत. ते तुमच्याखेरीज कुणी केलं नसतं. तुमचं चित्र दारासमोर लागलं, ते योग्य आहे.

मग तुम्ही त्यांचा सराव घ्यायला लागलात. मतदानाच्या टेबलाशी नाव विचारतील, तेव्हा बाई गप्प राहिली तर सगळं फुकट जाईल, म्हणून. शाळा सुटल्यावर व्हरांड्यात टेबल मांडलेलं असायचं. तुम्ही खुर्चीत, अधिकारी. बायका ओळीने समोर. मी तेव्हा जेमतेम दहा वर्षांची, खांबाला टेकून बघते आहे. तुम्ही वर न बघता विचारता, "नाव?" जी धडपणे आपलं आणि नवऱ्याचं नाव सांगेल तिच्या हातावर गुळाचा खडा. जी अडखळेल तिनं भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि ओळीच्या शेवटी जाऊन पुन्हा यायचं. वस्तीतली एक तरणीताठी सून होती, तिचं काही केल्या नवऱ्याचं नाव निघेना. शेवटी तिनं पदर तोंडाशी धरून उखाणाच घेतला, "शेवग्याच्या झाडाला शेंगा लांब लांब, मालकाचं नाव घेते, बाई, जरा थांब." सगळ्या व्हरांडाभर हसू. तुम्ही टेबलावर पट्टी आपटलीत. "इथे लग्न लागत नाहीये! मतदान आहे!" ती म्हणाली, "मंग उखाण्याबिगर कसं घेऊ बाई? जीभ झडंल की." तिला भिंत मिळाली. पण दुसऱ्या दिवशी तिनं नाव सांगितलं, नुसतं, उखाण्याविना, आणि गुळाचा खडा गालात धरून मिरवत गेली.

आईला गूळ कधीच मिळाला नाही. ती स्वयंपाक उरकून, हाताचं पीठ पुसत पुसत ओळीत उभी राहायची. तुम्ही "नाव?" म्हणालात की ती तुमच्याकडे बघायची. घाबरून नव्हे. मी तिचा चेहरा बघत होते, तो घाबरलेला नव्हता. नुसती बघायची. तुमचा पारा चढायचा. "तोंडात काय भाकरी आहे?" "अगं, तुझ्या चुलीलासुद्धा आवाज आहे." एके दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "हिची भाकरी बरी. टम्म फुगते तरी. हिला तर फुंकर घालूनही काही येत नाही." बायका हसल्या, कारण तुम्ही विनोद क्वचित करायचात आणि केलात तर हसायचं असतं. त्या दिवसापासून तिला 'मुकी' म्हणायला लागले. बोर्डिंगच्या मुली, दूधवाला, माळी. भांडी घासणारी बाई तर तिच्या तोंडावर, "मुके, परात दे." आई परात द्यायची. ती मुकी नव्हती, बाई. चुलीपाशी माझ्याशी दिवसभर बोलायची. डाळ कुठल्या गावची, कुणाच्या रानात हरभरा कसा आला, शिक्षिकांपैकी कुणाचं कुणाशी वाकडं आहे, सगळं. तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत कधी आला नाहीत, म्हणून तुम्हाला ठाऊक नव्हतं.

मतदानाचा दिवस. आईनं ट्रंकेतलं हिरवं लुगडं काढलं आहे. लोट्यात निखारे घालून तो लुगड्यावर फिरवला आहे. शाळेच्या आवारात बायकांची लांब ओळ लागली आहे. हॉस्पिटलातल्या गोऱ्या डॉक्टरीणबाई कॅमेरा घेऊन आल्या आहेत, कुणीतरी मोठे साहेब मोटारीतून बघायला आले आहेत. मी कुंपणापाशी. ओळ सरकते आहे, आईच्या पुढे आता फार बायका नाहीत. तुम्ही ओळीच्या कडेनं चालत येता, एकेकीचा पदर नीट करता, एकेकीला कानात नाव विचारून घेता. आईपाशी थांबता. विचारता. ती बघते. तुम्ही मागे वळून मोटारीकडे बघता, आणि मग आईचं मनगट धरून तिला ओळीतून बाहेर काढता. तेवढ्यात कॅमेरा वाजतो. तुम्ही हळू आवाजात जे बोललात ते मला कुंपणापाशी ऐकू आलं. "सगळ्यांसमोर माझं नाक कापू नकोस. जा, लापशीचं बघ."

ती गेली आणि तिनं लापशीचं बघितलं. मत देऊन येणाऱ्या प्रत्येकीला त्या दिवशी गुळाची लापशी होती, तुमचीच कल्पना. लुगडं बदलायलाही ती थांबली नाही. चुलीतली ठिणगी उडून पदराला भोक पडलं ते तेव्हा. बायका बोटांची शाई एकमेकींना दाखवत पंगतीला बसल्या आणि आईनं त्यांना वाढलं. तुम्ही दारातून म्हणालात, "स्वयंपाकिणीलाही द्या गं थोडी. तिनंसुद्धा ओळ बघितली." पुन्हा हशा. मीही हसले की काय, आठवत नाही. दहा वर्षांच्या मुली सगळे हसले की हसतात.

तो फोटो शाळेच्या ऑफिसात तुमच्या खुर्चीमागे लागला. येणाऱ्याजाणाऱ्याला तुम्ही बोट करून दाखवायचात, "आमच्या बायका." फोटोतल्या बाईचं नाव कुणी विचारलं नाही. मी शिकले, तुम्ही मला शिकवलंत. औरंगाबादला कॉलेजात पाठवायचं ठरवलंत, मिशनकडे शब्द टाकलात, आणि जायच्या दिवशी स्वतः विणलेला स्वेटर दिलात. राखाडी, एक बाही दुसरीपेक्षा लांब. घालून दाखव म्हणालात. मी घातला. तुम्ही लांब बाही दुमडून दिलीत, माझा खांदा सरळ केलात आणि म्हणालात, "आईवर जाऊ नकोस म्हणजे झालं." आई तिथेच होती, शिदोरी बांधत होती. तिनं गाठ दोनदा आवळली. तो स्वेटर मी बी.ए. होईपर्यंत घातला, बी.एड. होईपर्यंत घातला. उबदार होता, काय करणार.

परत येऊन तुमच्या शाळेत लागले. निवडणुका येत राहिल्या, जात राहिल्या. दर वेळी मी आईला म्हणायचे, चल. दर वेळी ती म्हणायची, "मला लाईनीतून काढलंय." जसं काही ते अजून लागू होतं. मी चिडायचे. आता कोण विचारतंय, आता चिठ्ठी दाखवली की झालं, नाव बोलायचंही कारण नाही. ती म्हणायची, "बाई परत उभी राह्य म्हणल्या न्हाईत." एकदा मी धीर करून तुमच्याकडे आले होते. जालना नुकताच जिल्हा झाला होता, तुम्हीही निवृत्त झाला होतात. तुम्ही खोलीत ऊन खात विणत बसला होतात. मी सांगितलं, आई तुमच्या एका शब्दासाठी अडून बसली आहे, एवढं म्हणा. तुम्ही टाके मोजत होतात. मोजून झाल्यावर विचारलंत, "कोण? स्वयंपाकीण? तिला मी काढलं होतं?" खरोखर आठवत नव्हतं तुम्हाला. आणि आठवत नसताना वर म्हणालात, "काढलं असेल तर कारण असेल. एवढ्या वर्षांत तिला स्वतःहून जावंसं वाटलं नाही, ही माझी चूक?" आणि पुन्हा सुई चालू. मी तुमच्याकडून शिकलेल्या शिस्तीप्रमाणे "बरं, बाई" म्हणून उठले.

त्यानंतर तुम्हाला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तुमचं असं कुणी नव्हतं. मिशननं शाळेमागच्या दोन खोल्या दिल्या, सकाळ-संध्याकाळ नर्स यायची. दुपारचं भरवायला कोण? आई. तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती आपणहून पेजेचं भांडं घेऊन निघाली. मी म्हटलं, तू कशाला? म्हणाली, "दुसरं कोण हाय त्यांना?" मला वाटलं, ही क्षमा आहे. मंडळीतही सगळ्यांना तसंच वाटलं. पाळकांनी प्रवचनात तिचा दाखला दिला.

एका मधल्या सुट्टीत मी तुम्हाला बघायला आले आणि खिडकीशी थांबले. आई खाटेशेजारी बसली आहे. चमचा तुमच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरलेला. ती म्हणते, "नाव?" तुमचं तोंड वाकडं होतं, घशातून घरघर येते. "बराबर न्हाई. परत." पुन्हा घरघर. तुमच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय, ते उशीत जिरतंय. चमचा हलत नाही. "घाई न्हाई, बाई. सांगा. नाव काय तुमचं?" पेज निवते आहे. तुम्ही काहीतरी आवाज काढता, कसला तरी. मग ती घास देते, पदरानं तोंड पुसते आणि पुढचा चमचा भरून पुन्हा तेवढ्याच अंतरावर धरते. "नाव?"

मी आत गेले. म्हटलं, "आई, हे काय करून राह्यलीस?"

"शिकवून राह्यले."

"असं?"

"बाईनंच शिकवलं असं," ती म्हणाली. तुमच्याकडे बघून, प्रेमानं म्हणावं अशा आवाजात. "हो ना बाई?"

हे रोज चाललं. नर्सला माहीत नव्हतं, डॉक्टरांना माहीत नव्हतं. तुम्ही सांगू शकत नव्हता. मी सांगू शकत होते, पण त्या खोलीत दोघींच्या मधे माझं काही काम आहे असं मला वाटलं नाही. आणि मग एके दुपारी तुम्ही तुमचं नाव बोललात. अडखळत, पण पुरतं, आडनावासकट. मी तिथेच होते. आईनं चमचा खाली ठेवला. कनवटीची गाठ सोडली, गुळाचा खडा काढला आणि तुमच्या जिभेवर ठेवला. तुम्ही तिच्याकडे बघितलंत. ज्या अर्थी तसं बघितलंत, त्या अर्थी व्हरांडा तुम्हाला आठवला होता. निदान तेव्हा तरी आठवला होता, बाई, हे मी कुणाच्याही समोर शपथेवर सांगेन. पुढच्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, हा चमत्कार आहे, भरवणाऱ्या बाईंनी बोलतं ठेवलं म्हणून झालं. आईनं तुमचा सूड घेतला की तुम्हाला बरं केलं, ते मी अजून ठरवलेलं नाही. तिला विचारलं असतं तर दोन्हींत फरक काय, म्हणाली असती.

लगेचच निवडणूक आली. तुम्हाला मत द्यायला जायचंच होतं. हॉस्पिटलातून चाकाची खुर्ची आणली. आईनं त्या दिवशी हिरवं लुगडं नेसलं. पदराचं भोक आतल्या घडीत दडवलं होतं. एमआयडीसीकडून टेम्पो भरभरून कामगार येत होते, मोठी गर्दी होती. लोकांनी तुमच्या खुर्चीला वाट करून दिली. खुर्ची दोरीपर्यंत आईनं ढकलली. दोरीच्या आत एकालाच सोडत होते, तिथून मी नेली. टेबलाशी तुम्ही नाव सांगितलंत, खणखणीत नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. अधिकारी उभा राहिला. डाव्या हातानं तुम्ही शिक्का मारलात. बाहेर आलो तर आई दोरीपाशी तशीच उभी. पदर डोक्यावरून नीट घेतलेला, पाठ सरळ. शेजारी बायकांची ओळ होती आणि ओळीच्या शेवटी एक माणूस मावेल एवढी जागा होती. यादीत तिचं नाव होतं. चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती. तुम्हाला आता शब्द होते, बाई. फार नव्हते, पण एक पुरला असता. तुम्ही तिच्याकडे बघितलंत, लुगड्याकडे बघितलंत, ओळीकडे बघितलंत. मग म्हणालात, "चल. ऊन."

आईनं खुर्ची वळवली.

घरी येऊन ती सरळ काठवटीपाशी बसली. मी तिच्यावर ओरडले. आजवर कधी ओरडले नव्हते. म्हटलं, पाय तुझे होते, ओळ समोर होती, त्या म्हातारीचं तू अजून काय देणं लागतेस? तेव्हा तिनं सांगितलं. भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता.

"माझ्या बापानं एक नाव ठेवलं. नवऱ्यानं ताटातल्या तांदळात बोटानं दुसरं लिवलं. त्यानं टाकलं तवा तुला घिऊन मिशनात आल्ते, मंग बाईनं तिसरं ठेवलं. पुस्तकातलं. पाळकानं पाणी शिपडलं आन बाई म्हणल्या, आजपून ही तू. यादीत तेच. टेबलापशी तेच सांगायचं आन वर म्हणायचं, हे घ्या माझं मत. नाव उसनं आन मत आपलं, असं कुठं असतंय?"

मी म्हटलं, "मग तेव्हाच बाईंना सांगायचं होतंस."

"त्या नाव पुसायच्या. कंचं, हे पुसलं न्हाई."

"मग तुझं कुठलं?"

"पयलं."

"म्हणजे काय ते?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "तुला काय करायचंय? तू आई म्हण."

तुम्ही पुढच्या पावसाळ्यात गेलात. तुमच्या अंत्यविधीला सगळं गाव होतं, तुम्ही बायकांना नाव दिलं असं पाच जण बोलले. आई त्यानंतर काही वर्षांनी गेली. मत न देता. तिच्या कबरीवर तुम्ही ठेवलेलं नाव आहे, कारण दफनाच्या दाखल्यावर तेच होतं आणि दगड कोरणाऱ्याला तेच दिलं गेलं.

तर काल मी पाळकांच्या बायकोला हे सगळं नाही, पण मनगटापुरतं सांगितलं. ती गोरीमोरी झाली. म्हणाली, "टीचर, पण आता परवावर आलंय. आणि गेलेल्या माणसाबद्दल असं..." मी म्हटलं, "दोघीही गेलेल्या आहेत." ती म्हणाली, "आमच्या प्रतीत बोटं नीट दिसत नव्हती. मनगट धरलेलं चांगलं दिसेना म्हणून मी गुंफली." चांगलं दिसेना, हे तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, त्याबद्दल तिला मार्क दिले पाहिजेत. मी घरी जाऊन ऑफिसातला मोठा फोटो घेऊन आले. तुमच्या झटक्यानंतर ऑफिस रंगवायला काढलं, तेव्हापासून तो माझ्याकडे होता. त्यात सगळं लख्ख आहे. तुमचा अंगठा आईच्या मनगटाच्या वर आहे आणि तिची पाची बोटं मोकळी, ताठ. वाट दाखवणारा माणूस असं धरत नाही. शिक्षिका असं धरते. मलाही तशीच पकड आहे.

आम्ही दोघी फोटोवर वाकलो होतो, तेवढ्यात बौद्धवाड्यातल्या आजी नातसुनेच्या आधारानं आत आल्या. उखाणा घेतलेली सून ती हीच. आता दात नाहीत, ऐकू कमी येतं. त्यांच्या निळ्या पातळाची गोधडी दुसऱ्या भिंतीवर आहे, ती बघायला आल्या होत्या. तुमच्या चित्रासमोर उभ्या राहिल्या, डोळे बारीक केले आणि मोठ्यानं म्हणाल्या, "अगं, ही तर ती मुकी! बाईनं वढून काढलेली. म्या तिच्या मागंच व्हते." मग माझ्याकडे वळून, "तुझी आई ना ती? मला तिची जागा घावली. मी तिच्यामुळं एक नंबर आधी मत टाकलं बघ." आणि हसल्या. वाईट हसल्या नाहीत. घडलं तेवढं सांगून हसल्या.

पाळकांच्या बायकोनं मग वाद घातला नाही. स्टूल ओढलं, रंग काढले आणि तुमची बोटं पुसून पुन्हा काढायला बसली. आजी खुर्ची घेऊन तिच्या मागे बसल्या, काठी दोन पायांत धरून. "अजून वर. तितं न्हाई, हाडावर. अजून घट्ट गं, तू तर बांगड्या भरून राह्यलीस! हां. आता बराबर." हसणारं तोंडही तिनं मिटवलं, आईचं. तुमचं मी तसंच ठेवायला सांगितलं. फोटोत तुम्ही हसतच आहात, मोटारीकडे बघून. चित्रातलं लुगडं लाल होतं, ते हिरवं करून घेतलं.

ओळ मी दिली ती अशी: 'डावीकडे शाळेच्या मोठ्या बाई, उजवीकडे बोर्डिंगची स्वयंपाकीण, बाई तिला मतदानाच्या रांगेतून बाहेर काढत आहेत.' तुमचं नाव चौकटीवर आधीच रंगवलेलं होतं. पाळकांच्या बायकोनं ब्रश हातात धरून विचारलं, "आणि तुमच्या आईंचं? काय लिहू, टीचर?" मी म्हटलं, जागा सोड. तिला वाटलं मी अजून रागात आहे. म्हणाली, "बाप्तिस्म्याच्या पुस्तकात असेल की, बघू का?" मी म्हटलं, "ते नको." मग तिनं तुमच्या नावाएवढीच लांब जागा आखून कोरी ठेवली. उद्या लोक विचारतील. विचारू देत. तुम्हीसुद्धा तिला फार वेळा विचारलं होतं.

हे पत्र वाचून मी दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं. तुम्ही लाल शाई लावाल, ही धास्ती अजून गेलेली नाही. अक्षरही तुमचंच आहे, ते तर बदलताच येत नाही. पत्र स्वेटरच्या घडीत ठेवते. तो टाकलेला नाही.

आज संध्याकाळी महिला मंडळाकडे दिलं ते असं. हिरवं लुगडं एक, पदराला जळलेलं भोक, रफू केलेलं नाही. मूळ फोटो एक, काचेसकट. चित्राखालची ओळ एक. नाव दिलं नाही. ते तिनं मलाही सांगितलं नव्हतं.